वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

२००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही सडपातळ. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या आणि उंचीच्या हिशेबात जुळी वाटावीत अशी ही दोन शरीरं आतून वेगळ्याच मालमसाल्याची होती.

फोटो गमतीचा वाटला तरी त्यामागे बरीच वर्षं चाललेलं काम होतं. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणापासून माहिती ठेवली. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं होतं साडेतीन किलो. गावातली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायूंमध्ये तर फारच कमी. चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखलेली होती. हडकुळं दिसणारं बाळही आतून चरबी बाळगूनच जन्माला येत होतं. ‘थिन-फॅट’ भारतीय हे वर्णन इथूनच रुळलं.

वजन कमी करण्याच्या गप्पा आपल्याकडे किलोत चालतात. लग्नाआधी अमुक किलो, बाळंतपणानंतर तमुक किलो. पण ज्या शरीरात मुळातच स्नायू बेताचे आणि चरबी पोटाभोवती साठलेली, त्यातून पाच किलो गेले तर त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हा प्रश्न जास्त मोलाचा ठरतो. आहार, व्यायाम आणि औषधं या तिन्ही वाटा याच प्रश्नाने तपासाव्या लागतात.

टेप काय सांगते

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असं मानतात. जागतिक मोजपट्टीवर हेच आकडे २५ आणि ३० आहेत. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ६८ किलोला २५ ची रेघ ओलांडतो. घरातल्यांच्या डोळ्यांना तो ‘अंगाने जरा भरलेला’ एवढाच दिसत असतो.

त्याहून बोलकं माप कमरेच्या घेराचं. त्याला मशिन लागत नाही, शिंप्याकडची टेप पुरते. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यांवरून नव्हे तर थेट अंगाला, टेप जमिनीला समांतर गुंडाळायची. श्वास सहज बाहेर सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की काळजी घ्यायची वेळ झाली. पँटच्या नंबरावर विसंबण्यात अर्थ नाही. पोट सुटलं की पँट पोटाखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतातल्या २८.६ टक्के प्रौढांमध्ये बीएमआयनुसार लठ्ठपणा आढळला. पोटाचा लठ्ठपणा मात्र ३९.५ टक्क्यांमध्ये. म्हणजे काट्यावर निर्धास्त असलेले कित्येक जण टेपला सापडतात.

दिलासा असा की फायद्यासाठी वजन फार उतरावं लागत नाही. एकूण वजनाच्या ५ टक्के घट झाली तरी रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब सुधारायला लागतात. ८० किलोच्या माणसासाठी हे झाले चार किलो. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करणं, एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण त्यामुळे ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग केला, तेव्हा वजनात मोठी घट न होताही मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. काटा जागचा फारसा हलला नाही, तरी चालण्याचा आणि जेवणातल्या बदलांचा फायदा झालाच.

उपाशी शरीर काय करतं

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांमध्ये ३६ तरुण राहायला आले. युद्धात हत्यार उचलायला त्यांनी नकार दिला होता, पण युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे समजावं म्हणून स्वतः उपाशी राहायची त्यांची तयारी होती. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने त्यांना जवळपास सहा महिने रोज सरासरी १,५७० कॅलरींवर ठेवलं. जेवणात बटाटे, सलगमसारखे कंद, पाव आणि मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं.

त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने उतरलं. पण त्याबरोबर बरंच काही झालं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली. धडधाकट तरुण ताटं चाटूनपुसून साफ करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत पडू लागले. आणि पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर चरबी आधी भरून आली, स्नायू मागून. काही काळ त्यांच्या अंगात पहिल्यापेक्षाही जास्त चरबी होती.

हे तरुण आधीच सडपातळ होते, त्यामुळे त्यांचा अनुभव सरसकट सगळ्यांना लावता येत नाही. तरी आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कित्येक डाएट चार्टमध्ये १,२०० कॅलरी लिहिलेल्या असतात, हे लक्षात घेतलं तर त्या १,५७० कॅलरींचा अर्थ कळतो.

पुढच्या काळात यामागची कारणं उलगडली. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं आणि नंतर वर्षभर त्यांचं रक्त तपासलं. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारी संप्रेरकं घटलेली आणि भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलं, ही स्थिती वर्षानंतरही तशीच होती. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांचा केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पाठपुरावा केला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचे ४१ किलो परत आले होते. आणि त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. महिनाअखेरीला हात आखडणाऱ्या घरासारखं शरीर खर्चाला कात्री लावतं, आणि पगार झाला तरी ती सवय सोडत नाही. डाएट सुटल्यावर वजन परत येतं तेव्हा लोक त्या माणसाच्या मनोनिग्रहाला नावं ठेवतात. दोष बऱ्याच अंशी या काटकसरीचा असतो.

म्हणून आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा वेग डॉक्टर सुचवतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा रोज ५०० कॅलरींची तूट म्हणजे आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ या जाहिरातीत चरबी कमी आणि पाणी व स्नायू जास्त असतात. घाईने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात.

झपाट्याने वजन उतरवणं चुकीचंच, असंही नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या तयार पेयांवर ठेवलं गेलं. वर्षअखेरीला त्यातल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांची साखरेची आणि रक्तदाबाची औषधं थांबवली होती, आणि पुढे नेहमीच्या जेवणावर आणताना प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी लक्ष ठेवून होतं. तेच डाएट कुणी साखरेच्या गोळ्या चालू ठेवून घरच्या घरी केलं, तर साखर एकदम उतरून चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

दोनदा की दर दोन तासांनी?

२०१८ च्या सुमाराला महाराष्ट्रात एक वाद घरोघरी रंगला. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच खा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला. या विचाराचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकार यांना देत. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं होतं की थोडं थोडं, ठरावीक अंतराने खा. तूप-भात सोडू नका. आजी खायची ते खा. राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांना सदिच्छादूत नेमलं आणि वाद आणखी पेटला. लग्नाच्या पंगतीत ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

दोन्ही बाजूंना वजन उतरलेले लोक होते, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोनदाच जेवायचं ठरलं की चारच्या चहाबरोबरचं बिस्कीट, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक, रात्री टीव्हीसमोरचं फरसाण हे सगळं आपोआप गळतं. घरचं, ताजं, वेळेवर थोडं थोडं खायचं ठरलं तरी तेच गळतं. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्या वेळेतच खायचं, दुसऱ्याने तेवढ्याच कॅलरी दिवसभरात कधीही. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता. कमी पिष्टमय की कमी स्निग्ध, या भांडणाचा निकालही असाच लागला. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर झालेल्या अभ्यासात वर्षभरात एका गटाचे ६ किलो गेले, दुसऱ्याचे ५.३. मात्र दोन्ही गटांत काहींचं वजन वीस-पंचवीस किलोंनी उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं. पद्धतीपेक्षा माणसामाणसांत फरक मोठा होता. तेव्हा ज्याला जी पद्धत वर्षानुवर्षं निभावता येते, ती त्याच्यासाठी बरी.

उपासाचं मात्र वेगळं आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा पडला की एका प्लेटीत रोजच्या जेवणाएवढ्या कॅलरी सहज जमतात.

ताटात काय बदलायचं

मराठी जेवणात काही फार बिघडलेलं आहे अशातला भाग नाही. भाकरी, आमटी, उसळ, कोशिंबीर, ताक ही यादी कुठल्याही आहारतज्ज्ञाला आवडेल. अडचण प्रमाणाची. ताटात चार पोळ्या आणि वर भाताचा डोंगर, त्यावर वरणाची एक पळी आणि कडेला चिमूटभर कोशिंबीर. भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी साठ टक्क्यांहून जास्त पिष्टमय पदार्थांतून येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितलं आहे.

याचा सोपा अर्थ, एक पोळी आणि अर्धा भात कमी करून त्या जागी मटकीची उसळ, जाडसर पिठलं, दही, अंडं, मासे किंवा पनीर वाढायचं. वजन उतरत असताना प्रथिनं कमी पडली तर शरीर स्नायू खर्ची घालतं, आणि थिन-फॅट शरीराला हेच परवडत नाही. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आयसीएमआर सांगते. वजन उतरवताना ती किलोमागे एक ग्रॅमच्या थोडी वर ठेवावीत, असा बहुतेक आहारतज्ज्ञांचा सल्ला असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायला हवं. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच प्रथिनं असतात. म्हणजे ६० किलोच्या बाईने दोन्ही वेळच्या पातळ वरणावर भिस्त ठेवली, तर तिचा हिशेब कधीच पुरा होत नाही.

तेलाचा हिशेब पिशव्यांवरून करावा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. सहा लिटर संपत असेल तर चारशेच्या वर. चहातल्या साखरेचंही तसंच. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. आणि एवढं पिऊन भूक काही भागत नाही.

पाकिटातल्या खाण्याबद्दलचा सगळ्यांत पक्का पुरावा केव्हिन हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगातून मिळाला. २० माणसांना महिनाभर रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हींमध्ये साखर, मीठ, चरबी, चोथा सारखा राखला होता आणि कितीही खायची मुभा होती. पाकिटातलं खाताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि पंधरवड्यात जवळपास एक किलो वजन वाढवलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं.

झोपेचा विचार डाएटच्या गप्पांत सहसा येत नाही. शिकागोत कमी झोपणाऱ्या ८० तरुण प्रौढांना रात्री नेहमीपेक्षा तासाभराहून थोडं जास्त झोपायला लावलं, तेव्हा काहीही पथ्य न सांगता त्यांच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २७० कॅलरी गेल्या.

व्यायाम कशासाठी

व्यायामाने वजन झपाट्याने उतरतं, हा समज जिमच्या पहिल्या महिन्याची फी भरताना जेवढा पक्का असतो, तेवढा तिसऱ्या महिन्यात राहत नाही. सत्तर किलोच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चाललं तर अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. येताना कोपऱ्यावरचा एक वडापाव खाल्ला की हिशेब फिटला. टांझानियातल्या हाडझा या शिकारी जमातीचा अभ्यास हर्मन पोंत्झर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा ऊर्जेचा एकूण खर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला.

मग व्यायाम कशाला? उतरलेलं वजन टिकवायला आणि स्नायू राखायला. अमेरिकेतल्या ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’त १९९४ पासून अशाच लोकांची नोंद होते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो कमी करून ते वर्षभर तरी टिकवले. त्यांनी वजन उतरवलं नाना पद्धतींनी, पण टिकवणाऱ्यांत बहुतेकांच्या काही सवयी समान होत्या. रोज सुमारे तासभर चालणं किंवा तत्सम हालचाल, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभं राहणं आणि टीव्हीसमोर कमी वेळ बसणं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याबरोबर आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या मंडळींकडून हा दुसरा भाग राहून जातो. त्याला जिमच लागतं असं नाही. तालमीतल्या जोर-बैठका हा त्याचाच जुना अवतार. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांनी भिंतीला हात टेकून जोर काढावेत, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावं-बसावं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. गुडघे दुखणाऱ्याने धावायला लागू नये. छातीत दुखणं, चालताना धाप लागणं असं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं.

आता सुई

वजन कमी करणाऱ्या औषधांचा इतिहास फारसा भूषणावह नाही. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी डायनायट्रोफेनॉल या रसायनाने वजन उतरतं असं जाहीर केलं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार याच रसायनाने बारीक होत आणि मरत. हजारो लोकांनी ते घेतलं. काहींना मोतीबिंदू झाला, काही अंगाचा भडका होऊन गेले. १९३८ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली. मग अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या आल्या. १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून फेनफ्लुरामिन मागे घेतलं गेलं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये सिब्युट्रामिन गेलं, आणि पुढच्या वर्षी भारतानेही ते बंद केलं. बंदीनंतरही ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग गोळ्यांत हेच सिब्युट्रामिन मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ऑर्लिस्टॅट हे औषध अजून मिळतं. ते खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे तीस टक्के आतड्यातून शोषू देत नाही, आणि तेलकट जेवणानंतर शौचालयाकडे धावायला लावतं.

नवी औषधं वेगळ्या घराण्यातली. खाल्ल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिनला चालना देतं, पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला ‘आता पुरे’ असं सांगतं. पण ते रक्तात एक-दोन मिनिटंच टिकतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन इंग यांना अमेरिकेतल्या वाळवंटी ‘गिला मॉन्स्टर’ सरड्याच्या विषात असंच, पण जास्त वेळ टिकणारं रसायन सापडलं. त्यातून २००५ मध्ये मधुमेहाचं एक्झेनाटाइड आलं. पुढे सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकू लागलं, आणि टिर्झेपाटाइडने जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी हे दुसरं संप्रेरकही कामाला लावलं.

परिणाम आजवरच्या कुठल्याही औषधापेक्षा मोठे आहेत. १,९६१ जणांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, खोटं औषध घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. हृदयविकार असलेल्या १७,६०४ जणांमध्ये सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवलं. ही औषधं घेणारे सांगतात की डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबते. डबा उघडून बसलं तरी अर्ध्यावर हात थांबतो.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड ‘मौंजारो’ या नावाने आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतच असल्याने, त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी होते. औषध स्वस्त झालं की गरजूंना मिळतं, तसंच ते लग्नाआधी चार किलो उतरवायला निघालेल्यांच्याही हाती लागतं.

सुई फ्रिजमध्ये ठेवायची, आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची. डोस पायरी-पायरीने वाढवायचा. वेगोव्ही ०.२५ मिलिग्रॅमवर सुरू होतं आणि २.४ पर्यंत पोचायला चार महिने लागतात. घाईने डोस वाढवला की मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठता मागे लागते. पित्ताशयाचे खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटातून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर तातडीने रुग्णालय गाठायला हवं. स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असेल त्यांनी ही औषधं घेऊ नयेत. गर्भवतींनीही नाही, सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइडने संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो.

पुण्याच्या आणि लंडनच्या डॉक्टरांतला तो फरक इथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ज्यांच्या शरीराचं स्कॅन केलं, त्यांच्या उतरलेल्या वजनापैकी ३९ टक्के वजन चरबीचं नव्हतं, स्नायूंसकट इतर भागांचं होतं. भूक मेली की माणूस आधी उसळ आणि अंडंच सोडतो, आणि दोन बिस्किटांवर दिवस काढतो. ज्याच्याकडे स्नायू मुळातच कमी, त्याचं अशाने नुकसानच होतं. म्हणून या औषधांबरोबर प्रथिनं मोजून खाणं आणि ताकदीचा व्यायाम करणं हे पथ्य ऐच्छिक राहत नाही.

औषध थांबलं की भूकही परतते. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. टिर्झेपाटाइड ३६ आठवड्यांनी थांबवलेल्यांचं वजन पुढच्या वर्षात १४ टक्क्यांनी वाढलं. कोपनहेगनच्या संशोधकांनी मात्र एक आशादायक गोष्ट दाखवली. त्यांनी आधी डाएटने वजन उतरवलेल्या १९५ जणांना वर्षभर वेगवेगळ्या गटांत ठेवलं : कुणाला लिराग्लुटाइड हे याच कुळातलं औषध, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही. सगळं थांबवल्यानंतर वर्षाने पाहिलं तेव्हा नुसतं औषध घेतलेल्यांपेक्षा औषधाबरोबर व्यायाम केलेल्यांनी वजन जास्त टिकवलं होतं.

तेव्हा सुईची चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांशी काही गोष्टी बोलून घ्याव्यात. वजन स्टिरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, थायरॉइडची मंदगती किंवा पीसीओएसमुळे वाढलेलं नाही ना, हे आधी बघायचं. एचबीए१सी, यकृत, मूत्रपिंड आणि लिपिड यांच्या तपासण्या करून कमरेचा घेर लिहून ठेवायचा. औषध किती काळ घ्यायचं, ते परवडेल का आणि थांबवताना कसं थांबवायचं, हे सुरुवातीलाच विचारायचं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सल्ल्यानुसार, सेमाग्लुटाइड सहा महिने घेऊनही वजन ५ टक्के उतरलं नाही, तर ते थांबवण्याचा विचार करावा. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीच्या दिवशी काट्याबरोबर टेपही काढावी, आणि हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं हेही मोजावं. घेर कमी झाला आणि उठ-बस पहिल्याइतकीच किंवा जास्त जमली, तर बहुधा चरबीच उतरली आहे. घेराबरोबर पायातलं बळही गेलं असेल, तर डोस वाढवण्याआधी ताटातल्या प्रथिनांची आणि व्यायामाची चौकशी करायला हवी.